लेकरांचा स्वतःचा आवाज

परीक्षेत आपल्या मुलास किती गुण मिळाले याची चौकशी प्रत्येक घरी होते. परंतु त्याने उत्तरपत्रिकेत जे लिहिले ते कोणाचे होते, ही चौकशी फारशी कोणी करीत नाही. ते गाइडाचे होते, शिकवणीच्या मास्तरांचे होते, की त्याचे स्वतःचे होते? गुण मिळाल्याशी कारण, असे कोणी म्हणेल. परंतु दहा वर्षे शाळेत घालवूनही ज्यास आपल्या मनातील गोष्ट आपल्या शब्दांत सांगता येत नाही, तो पुढे कचेरीत अर्ज घेऊन उभा राहिला, इस्पितळात आजाऱ्याच्या उशाशी उभा राहिला, ग्रामसभेत विहिरीच्या वा रस्त्याच्या तक्रारीसाठी उभा राहिला, तरी मुकाच राहतो. म्हणून आज आम्ही हा विषय आमच्या वाचकांपुढे मांडीत आहो.

आवाज म्हणजे काय?

आवाज म्हणजे केवळ कंठातून निघणारा ध्वनी नव्हे. चार ओळी वाचल्याबरोबर 'हे अमक्याचेच लिहिणे' असे जे वाटते, तो लिहिणाऱ्याचा आवाज होय. समजा, शाळेत 'पाऊस' या विषयावर निबंध आहे. एक मुलगा लिहितो की वसुंधरेने हिरवा शालू पांघरला आणि बळीराजा आनंदला. दुसरा लिहितो की पहिल्याच पावसात आमच्या गोठ्यावरची दोन कौले फुटली, आणि बाबा रात्रभर म्हशीवर गोणपाट धरून बसले. पहिल्या वाक्यात चूक नाही. पण ते कोणत्याही गावच्या कोणत्याही मुलाचे असू शकते. दुसऱ्यात कदाचित शुद्धलेखनाच्या दोन चुका असतील. परंतु त्यात एक घर आहे, एक बाप आहे आणि डोळे उघडे ठेवून पाहणारे एक मूल आहे. आता गुरुजींनी तांबड्या शाईने त्या दोन चुकांभोवती वर्तुळे काढली आणि त्या गोठ्याविषयी एक अक्षरही लिहिले नाही, तर ते मूल काय शिकेल? पुढच्या खेपेस तेही हिरवा शालूच लिहील.

हा प्रश्न आपल्याच देशातला नाही. इटली देशातील एका डोंगरी खेड्यात एका कॅथॉलिक धर्मगुरूंनी आणि त्यांच्या शेतकरी विद्यार्थ्यांनी त्याचे जे उत्तर शोधले, ते पुढे जगभर वाचले गेले. ती हकिकत आमच्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांस विशेष जवळची वाटेल.

डोंगरावरील शाळा

फादर लोरेन्झो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्स शहरी एका सधन व सुशिक्षित घराण्यात झाला. घरात पुस्तकांची रेलचेल होती. तरुणपणी ते चित्रकला शिकत होते. १९४३ साली त्यांचे मन पालटले, ते सेमिनरीत दाखल झाले, आणि १९४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कालेन्झानो येथील सान दोनातो या धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे गिरणीकामगार आणि शेतकरी यांची वस्ती होती.

तेथे त्यांस एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. लोक देवळात येत, प्रवचन ऐकत, परंतु त्यातले फार थोडे त्यांच्या पदरी पडे. लोक अश्रद्ध होते असे नव्हे. त्यांच्याजवळ शब्दच अपुरे होते. ज्याला भाषा नाही त्याला उपदेश कसा पोचणार? आधी भाषा दिली पाहिजे, असे फादर मिलानींनी मनाशी ठरविले, आणि तरुण कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली. येणारा कोणत्या राजकीय पक्षाचा आहे, देवळात येतो की नाही, हे तेथे विचारले जात नसे.

१९५४ च्या डिसेंबरात त्यांची बदली बार्बियाना येथे झाली. बार्बियाना म्हणजे मुजेल्लो भागातील डोंगरावर विखुरलेली काही घरे, एक देऊळ व एक स्मशानभूमी. धड रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. हुशार तरुण धर्मगुरूस अशा ठिकाणी पाठविणे म्हणजे एक प्रकारे दूर सारणेच होते, असे पुष्कळांचे मत आहे. परंतु फादर मिलानींनी आल्यावर लवकरच तेथील स्मशानभूमीत स्वतःसाठी कबरीची जागा घेतली. मी येथून जाण्यासाठी आलेलो नाही, हे लोकांस सांगण्याची ती त्यांची रीत होती.

प्राथमिक शाळा संपलेल्या मोजक्या मुलांस घेऊन त्यांनी देवळाशेजारील घरात शाळा सुरू केली. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले, आणि वर्षाचे ३६५ दिवस चाले. यात जुलूम झाला असे मुलांस वाटले नाही. कारण शाळा नसती तर त्यांस गुरांमागे जावे लागले असते, आणि गुरांना रविवार नसतो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मोठी मुले लहानांस शिकवीत. जो मागे राहिला असेल त्याला समजेपर्यंत धडा पुढे सरकत नसे. भिंतीवर 'आय केअर' असे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते. 'मला त्याची काळजी आहे, ते माझे आहे' असा त्यांचा भाव.

शिक्षिकेस पत्र

१९६२ सालच्या कायद्याने इटलीत सर्व मुलांसाठी एकच माध्यमिक शाळा झाली, आणि चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण सर्वांस सारखे व सक्तीचे ठरले. कागदावर हे उत्तमच होते. परंतु शाळेचे दार उघडले म्हणजे शाळेची भाषा बदलते असे नाही. शेतकऱ्याची मुले नापास होऊन गळतच राहिली.

बार्बियानाची दोन मुले शिक्षक होण्याच्या इच्छेने फ्लॉरेन्सच्या अध्यापक विद्यालयात गेली व नापास होऊन परतली. घरी बसून रडण्याऐवजी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी लेखणी हाती घेतली. आठ मुलांनी मिळून एक दीर्घ पत्र लिहिले. ते १९६७ च्या मे महिन्यात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. नाव साधेच होते : 'एका शिक्षिकेस पत्र'. पुढे त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. मराठीतही ते 'प्रिय बाई' या नावाने आलेले आहे.

या पत्रात दोन मुले वारंवार भेटतात. एक डॉक्टरांचा पिएरिनो, दुसरा शेतकऱ्याचा जान्नी. पिएरिनोला शाळेत येण्यापूर्वीच घरच्या बोलण्यातून शाळेची भाषा मिळालेली असते. जान्नी इटालियन क्रियापदात एक मुके अक्षर लिहावयास विसरतो, आणि तेवढ्यासाठी मागे पडतो. पण काम म्हणजे काय, मजुरी म्हणजे काय, घर कसे चालते, गावात काय घडते, हे जान्नीला पुष्कळ ठाऊक असते. त्याचे ते ज्ञान मोजण्याचे माप शाळेजवळ नसते. मुलांनी केवळ तक्रार केली नाही; शाळांच्या नोंदी व सरकारी आकडे मिळवून, त्यांचे तक्ते मांडून, कोणत्या घरची मुले गळतात हे दाखवून दिले.

पत्र प्रसिद्ध होऊन थोडे दिवस लोटतात न लोटतात तोच, २६ जून १९६७ रोजी फादर मिलानींचे फ्लॉरेन्स येथे दीर्घ आजाराने निधन झाले. वय अवघे ४४ वर्षांचे. बार्बियानाच्या त्याच स्मशानभूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली.

आठ हातांनी एक पुस्तक

एवढ्या मुलांनी मिळून एक पुस्तक कसे लिहिले? त्याची कृती मुलांनीच पत्रात सांगितली आहे, आणि ती इतकी सोपी आहे की कोणत्याही खेड्यातील शाळेस करता यावी.

प्रत्येकाच्या खिशात एक लहान वही असे. काही सुचले की ते तेथल्या तेथे टिपावयाचे. पुढे प्रत्येक विचार वेगळ्या कागदावर, एकाच बाजूस लिहावयाचा. मग एके दिवशी सारे कागद मोठ्या मेजावर मांडावयाचे. एकच विचार दोनदा आला असेल तर एक कागद बाजूस काढावयाचा. एकमेकांशी नाते असलेल्या कागदांचे ढीग करावयाचे. ती झाली प्रकरणे. ढिगांतून लहान ढीग करावयाचे. ते झाले परिच्छेद. मग क्रम लावून कच्चा मजकूर तयार करावयाचा.

खरे काम त्यानंतर सुरू होई, आणि ते खोडण्याचे असे. नको असलेला शब्द, विनाकारण आलेले विशेषण, पुनरुक्ती, अवघड शब्द, लांबलचक वाक्य, आणि जे खरे नाही ते, हे सारे शोधून काढण्याची मुलांत चढाओढ लागे. शेवटी बाहेरच्या माणसांस बोलावून त्यांच्याकडून मजकूर मोठ्याने वाचून घेत. आणि ही माणसे फार शिकलेली नसलेलीच पसंत करीत. वाचताना ती जेथे अडखळत तेथे मुले आपले वाक्य बदलीत. स्पष्टतेसाठी दिलेली सूचना मानावयाची. मात्र 'असे लिहिणे बरे दिसणार नाही' अशा भिडस्त सल्ल्याकडे लक्ष द्यावयाचे नाही, हा नियम.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वतःचा आवाज म्हणजे मनास येईल तसे लिहिणे, असे बार्बियानात कोणी मानीत नव्हते. स्वतःचा आवाज हा कष्टाने मिळतो. शेतात धान्य आपोआप येते, पण तणही आपोआपच येते. खुरपणी केल्याशिवाय पीक हाती लागत नाही.

सामुदायिक लेखनाचा हा विचार पक्का होण्यास एका दुसऱ्या शाळेची मदत झाली. १९६३ साली उत्तर इटलीतील मारिओ लोदी नावाचे शिक्षक बार्बियानास येऊन गेले, आणि त्यांच्या वर्गाशी बार्बियानाच्या मुलांचा पत्रव्यवहार सुरू झाला. लोदी हे फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांच्या पद्धतीने शिकवीत. फ्रेने पहिल्या महायुद्धात छातीत गोळी लागून जखमी झाले होते. १९२० साली ते एका खेड्यात शिक्षक झाले, परंतु फुप्फुस दुखावल्यामुळे त्यांस वर्गात फार वेळ बोलवत नसे. मग त्यांनी मुलांस बोलते केले. मुले गावात हिंडून येत, पाहिलेले लिहीत, आणि १९२४ पासून वर्गातल्या लहानशा छापयंत्रावर आपला मजकूर स्वतः खिळे जुळवून छापीत व दूरच्या शाळेस धाडीत. गुरुजींचा आवाज बसला, म्हणून मुलांचा आवाज निघाला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

शिक्षकाचा आवाज

मग शिक्षकाने गप्प बसावे काय? मुळीच नाही. फादर मिलानी स्वतः गप्प बसणारे गृहस्थ नव्हते. त्यांची वाणी परखड होती, प्रसंगी कठोरही होती. वर्गात रोज वृत्तपत्र मोठ्याने वाचले जाई. एखादा अनोळखी शब्द आला की वाचन थांबे; त्या शब्दाचे मूळ काय, तो कोठून आला, कोण तो वापरतो, याचा शोध घेतल्याखेरीज पुढचे वाक्य नाही. शाळेस भेट देणाऱ्या प्राध्यापकालाही मुलांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावी लागत, आणि समजले नाही तर मुले तसे स्पष्ट सांगत.

'पत्र' प्रसिद्ध झाल्यावर पुष्कळ टीकाकार म्हणाले की हे मुलांचे लिहिणे नव्हेच, हे फादरांचेच. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण शिक्षकाचा आवाज जितका बलवान, तितका मुलांचा आवाज त्यात बुडण्याचा धोका अधिक. फादर मिलानींनी मात्र ते मुलांचेच काम असल्याचे निक्षून सांगितले. आमच्या मते येथे एक भेद करावयास हवा. मुलाच्या तोंडी आपले वाक्य घालणे वेगळे, आणि मुलाला त्याचे वाक्य सापडेपर्यंत त्याच्याजवळ बसणे वेगळे. "असे लिही" म्हणणारा शिक्षक पहिल्या प्रकारचा, "तुला नेमके काय म्हणायचे आहे?" असे दहादा विचारणारा शिक्षक दुसऱ्या प्रकारचा. दुसऱ्याचे काम अधिक कष्टाचे आहे, आणि त्याचे फळही अधिक काळ टिकते.

ख्रिस्तसभेत या धर्मगुरूंस प्रथम फारसे समजून घेतले गेले नाही. त्यांचे १९५८ सालचे 'पाळकीय अनुभव' हे पुस्तक त्याच वर्षी रोमच्या आज्ञेने विक्रीतून काढून घेण्यात आले. परंतु २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः बार्बियानास गेले, फादर मिलानींच्या कबरीशी त्यांनी प्रार्थना केली, आणि त्यांचे जीवन शुभवर्तमानाच्या सेवेचा आदर्श होते, असे जाहीरपणे सांगितले. गरिबांस शब्द परत देणे हे या गुरूचे कार्य, हीच त्या दिवशीच्या भाषणातील मुख्य गोष्ट होती.

आमच्या घरांतील प्रश्न

आमचे वाचक ज्या प्रदेशांत राहतात तेथे हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा आहे. गोव्यात घरात कोंकणी, वाचनात मराठी, शाळेत इंग्रजी. बेळगावकडे मराठीच्या शेजारी कन्नड; इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी; बडोद्यास गुजराती; हैदराबादेस तेलुगू व उर्दू. मूल घरी एक बोलते, रस्त्यावर दुसरे बोलते आणि वहीत तिसरेच लिहिते. यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. अनेक भाषा ही संपत्तीच आहे. लाज तेव्हा शिरते, जेव्हा मुलाच्या घरच्या शब्दास वर्ग हसतो. ज्या दिवशी मुलाला आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटू लागते, त्या दिवशी त्याच्या लेखणीतून आई निघून जाते, आणि तेथे हिरवा शालू येऊन बसतो.

आपल्या पूर्वजांजवळ याबाबतीत एक थोर उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. जन्माने इंग्रज, तरी त्यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिले ते मराठीत. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द लोकांस समजत नाहीत, हे ओळखून आपण ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळून काव्य सोपे केले, असे त्यांनी प्रस्तावनेत स्वतः सांगितले आहे. विद्वत्ता असूनही त्यांनी ऐकणाऱ्याचा शब्द आपल्या काव्यात घेतला. शिक्षकाने विद्यार्थ्याकडे दोन पावले चालत जाणे म्हणतात ते हेच.

आपल्या सरकारच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंतचे शिक्षण घरच्या भाषेत व्हावे, असे म्हटले आहे. धोरण कागदावर असते. वर्गात मात्र गुरुजी किंवा बाई असतात, आणि घरात आईबाप असतात. शिवाय आता नवा मोह आला आहे. फोनवर विषय सांगितला की यंत्र क्षणात शुद्ध, नेटका निबंध पुढे ठेवते. त्यात चुका नसतात, आणि गोठाही नसतो.

घरी काय करता येईल?

प्रथम, मूल बोलत असता त्याचे वाक्य त्याला पुरे करू द्यावे. मधेच तोडू नये, व आपणच ते पुरे करू नये. पाहुण्यांसमोर त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसू नये.

दुसरे, रात्री जेवणानंतर दहा मिनिटे घरात कोणीतरी मोठ्याने वाचावे. आजोबांना वाचता येत नसेल तर नातीने त्यांस वाचून दाखवावे. आजोबा जेथे "काय म्हणालीस?" असे विचारतील, तेथे एकतर वाचणे चुकले असेल किंवा लिहिणारा चुकला असेल. दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्याच आहेत.

तिसरे, मुलास खरी पत्रे लिहावयास लावावी. परगावी नोकरीस असलेल्या काकास, प्रपंचात असलेल्या बहिणीस, धर्मभगिनी झालेल्या आत्यास. निबंध कोणासाठी लिहावयाचा हे मुलास माहीत नसते; पत्राला मात्र वाचणारा असतो, आणि वाचणारा डोळ्यांसमोर असला की आवाज आपोआप बाहेर येतो.

चौथे, एक लहान वही द्यावी व ती तपासू नये. तिच्यात मूल काय टिपील ते त्याचे. बार्बियानाच्या थोर पुस्तकाची सुरुवात अशा खिशातल्या वह्यांतूनच झाली.

आणि आमच्या शिक्षक बंधुभगिनींस एक नम्र विनंती. वही तपासताना चूक अवश्य दाखवावी. ती न दाखविणे हाही मुलावर अन्यायच आहे, कारण पुढे जग त्याला क्षमा करणार नाही. मात्र तांबड्या शाईने चुकीभोवती वर्तुळ काढण्यापूर्वी, मजकुरातील एखाद्या खऱ्या वाक्याखाली एक रेघ ओढावी, आणि समासात दोन शब्द लिहावे : "पुढे काय झाले?" ज्या मुलाला असे कोणी विचारले, ते मूल पुढच्या खेपेस अधिक लिहून आणील.

पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या देशोदेशींच्या लोकांनी देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. कोणालाही आधी दुसऱ्याची भाषा शिकून ये, असे सांगण्यात आले नाही. आमच्या लेकरांस अनेक भाषा याव्या, शुद्ध लिहिता यावे, मोठ्या शाळांत जाता यावे, ही आमची मनापासून इच्छा आहे. परंतु त्या साऱ्या भाषांतून जे बोलावयाचे, ते त्यांचे स्वतःचे असावे. गोठ्यावरची दोन कौले फुटली हे ज्याने पाहिले, त्यानेच ते सांगितले पाहिजे. आणि आपण वडील मंडळींनी ते थांबून ऐकले पाहिजे.